स्लो बसत नव्हता: गाडीच्या आयडलचे पाच आठवडे

६ एप्रिलच्या दुपारी आईला धंतोलीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडून घेऊन मी घरी मनीषनगरला येत होते. अजनी चौकाच्या सिग्नलला गाडी न्यूट्रलमध्ये घातली आणि स्टिअरिंग हाताला थरथरल्यासारखं लागलं. समोर पाहिलं तर आरपीएमचा काटा ६०० पर्यंत खाली जात होता, मग आपोआप १,१०० पर्यंत चढत होता, परत खाली. माझा पाय रेसवर नव्हता. हिरवा लागला, निघाले. पुढे छत्रपती चौकात डबल-डेकर पुलाखाली थांबले तेव्हा काटा खाली गेला तो वर आलाच नाही. गाडी बंद. मागे सिटी बस, दोन्ही बाजूंना दुचाक्या, वर ऊन. आईच्या डोळ्यांत औषध घातलेलं, तिला नीट दिसत नव्हतं, आणि ती सारखी विचारत होती, "काय झालं गं?" दुसऱ्या सेल्फला गाडी सुरू झाली. घरापर्यंत मी प्रत्येक थांब्यावर एक पाय ब्रेकवर आणि त्याच पायाची टाच रेसवर ठेवून आले. घरी पोचल्यावर हात कापत होते.

गाडी २०१४ ची, १.२ लिटर पेट्रोल, बीएस-४, साध्या गिअरची. बाबांनी घेतलेली. ते गेल्यावर आरटीओत फॉर्म ३१ भरून माझ्या नावावर करून घेतली, पण चालवताना ती अजून मला त्यांचीच वाटते. मला चालवता येत होती, बोनेटच्या आतलं काही कळत नव्हतं. पुढचे पाच आठवडे काय काय झालं ते सगळं खर्चासकट लिहितेय, कारण त्या दिवसांत मला कोणीतरी मराठीत हे नीट सांगायला हवं होतं.

आधी एक शब्द. गाडी उभी आहे, पाय रेसवर नाही, तरी इंजिन स्वतःला फिरतं ठेवतं, त्या चालीला आयडल म्हणतात. आपल्याकडचे जुने मिस्त्री तिला 'स्लो' म्हणतात. गरम इंजिनाचा स्लो छोट्या पेट्रोल गाडीत साधारण ७०० ते ८५० च्या मधे असतो आणि काटा तिथे हलत नाही. हलत असेल तर 'स्लो बसत नाही' म्हणायचं. गॅरेजमध्ये हे एवढं वाक्य म्हटलं तरी समोरचा माणूस वेगळ्या नजरेनं ऐकतो, हे मला फार उशिरा कळलं.

८ एप्रिलला घराजवळच्या गॅरेजमध्ये गेले. तिथल्या मुलानं बोनेट उघडून दोन मिनिटांत सांगितलं, "मॅडम, थ्रोटल बॉडीत कचरा जमलाय, क्लीन करून देतो." थ्रोटल बॉडी म्हणजे इंजिनात हवा सोडणारं दार, आत एक गोल पाकळी असते, तिच्या कडेला काळा थर बसतो. माझ्या गाडीत तो खरंच बसला होता, त्यानं कापडावर पुसून दाखवला. ९०० रुपये घेतले. गाडी सुरू केली तर आरपीएम १,४०० वर जाऊन तिथेच अडकलं. "दोन दिवसांत सेट होईल," तो म्हणाला.

हे का झालं ते नंतर समजलं. पाकळीच्या कडेला कचरा असताना इंजिनाचा कॉम्प्युटर हळूहळू शिकतो की हवा कमी येतेय, पाकळी जरा जास्त उघडी ठेवू. कचरा निघाला तरी त्याची जुनी सवय लगेच जात नाही, मग हवा जास्त जाते. अशा वेळी स्कॅनर लावून ती शिकवण पुसावी लागते किंवा गाडीला नव्यानं शिकू द्यावं लागतं. त्या मुलानं यातलं काही केलं नाही. शिवाय पाकळी बोटानं ढकलून साफ केली. इलेक्ट्रॉनिक थ्रोटलमध्ये पाकळीला मोटर असते, तिला हातानं जोर लावायचा नसतो. माझं नशीब की काही मोडलं नाही. तिसऱ्या दिवशी आरपीएम खाली आलं आणि काटा पुन्हा ६०० ते १,१०० झुलू लागला.

१५ एप्रिलला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची वेळ घेतली. सकाळी ९ ला पोचले. जॉब कार्डवर त्यांनी लिहिलं, 'इंजिन प्रॉब्लेम'. इथे मी पहिल्यांदा अडून बसले. कारण गाडी सकाळी थंड असताना अगदी शहाण्यासारखी चालते. तेव्हा ते तपासणार आणि 'काही दोष आढळला नाही' म्हणून परत देणार, ही मला भीती होती. कार्ड बदलून लिहून घेतलं: 'इंजिन गरम झाल्यावर, न्यूट्रलमध्ये, एसी बंद असतानाही आरपीएम ६०० ते १,१०० वर-खाली. सिग्नलला दोनदा बंद.' सल्लागार मुलगा म्हणाला, "मॅडम, सरांना पाठवलं असतं तर टेक्निकल बोलणं झालं असतं." मला हे लागलं. मी फक्त म्हटलं, गाडी माझी आहे, माझ्याशीच बोला. वाचणाऱ्या बायांना सांगते, हे वाक्य म्हणायला लाजू नका.

पाच तास बसले. कूलर होता, चहा मिळाला, बातमी मिळाली नाही. दुपारी २ नंतर एस्टिमेट आलं: चार प्लग, चार कॉइल, ऑक्सिजन सेन्सर आणि नवी थ्रोटल बॉडी, सगळे मिळून २७,४८० रुपये. मी विचारलं, यातलं नेमकं काय खराब आहे? उत्तर आलं, "एकेक बदलून बघू." स्कॅनरवर काय दिसलं ते दाखवा म्हटलं तर प्रिंट देता येत नाही म्हणाले, पण स्क्रीनचा फोटो काढू दिला. त्यावर एकच कोड होता, पी०१७१, आणि पुढे 'पेंडिंग', म्हणजे डॅशबोर्डवर दिवा लागण्याइतकी पक्की न झालेली नोंद. बाकी काही नको, फक्त प्लग बदला, असं सांगून मी १,६४० रुपये भरले. स्कॅनिंगचे ५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ५९० वेगळे. काढलेले प्लग पिशवीत मागून घेतले. बदललेला प्रत्येक सुटा भाग असा परत मागायचाच.

प्लग बदलून फरक शून्य. आणि घरी येऊन मी ग्लव्ह बॉक्समधली बाबांची वही काढली.

ती वही मी तोवर उघडलीच नव्हती. गाडी घेतली त्या दिवसापासून बाबा तिच्यात पेट्रोल, किलोमीटर, हवा, सर्व्हिसिंग सगळं लिहायचे, निळ्या शाईनं, बारीक अक्षरात. त्यात होतं: '६१,२०० किमी, प्लग चार नवीन.' आता गाडी ८३,४०० वर होती. म्हणजे बावीस हजार किलोमीटर चाललेले, बऱ्यापैकी चांगले प्लग मी काढून टाकायला लावले होते. वहीत आणखी एक गोष्ट सापडली. बाबांच्या हिशेबात शहरात लिटरला १६-१७ पडायचे. माझ्या पेट्रोलच्या पावत्या लावून पाहिल्या तर गेल्या दोन महिन्यांत १४ सुद्धा नव्हते. म्हणजे हा आजार ६ एप्रिलचा नव्हता, मला दिसला तेव्हा दिसला. बाबांची शेवटची नोंद जिथे होती तिच्याखाली एक ओळ सोडून मी माझी पहिली नोंद लिहिली.

कोडचा अर्थ शोधला तेव्हा थोडा प्रकाश पडला. पी०१७१ म्हणजे 'मिश्रण लीन', पेट्रोलच्या मानानं हवा जास्त. हे कॉम्प्युटरला कळतं सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेल्या ऑक्सिजन सेन्सरकडून. सर्व्हिस सेंटर तोच सेन्सर बदलायला निघालं होतं. थर्मामीटरनं ताप दाखवला म्हणून थर्मामीटर बदलायचा, तसं. सेन्सर खराब असूही शकतो, पण आधी ताप खरा आहे का ते पाहायला नको?

१८ एप्रिलला ७५० रुपयांचा ईएलएम ३२७ जातीचा ब्लूटूथ ओबीडी अडॅप्टर मागवला. काडेपेटीपेक्षा जरासा मोठा डबा. स्टिअरिंगच्या खाली ओबीडीचा सॉकेट असतो, त्यात खोचायचा आणि मोबाईलवर आकडे बघायचे. बघायचे ते गाडी उभी करून, मोकळ्या जागेत, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून. बोनेट उघडणार असाल तर ओढणी आधी गाडीत काढून ठेवा. रेडिएटरचा पंखा कधीही सुरू होतो.

दोन आकडे कामाचे निघाले. ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा कमी करतो, त्याला फ्युएल ट्रिम म्हणतात. एक शॉर्ट टर्म, क्षणोक्षणी बदलणारा. एक लाँग टर्म, शिकलेला. दोन्हींची बेरीज शून्याच्या आसपास, फार तर दहा टक्के इकडे-तिकडे असावी. माझी २० एप्रिलची नोंद अशी आहे:

'सकाळी ६.५०, इंजिन थंड, आरपीएम १,२५० वरून हळूहळू खाली, काटा स्थिर. ७.०४, कूलंट ८८ अंश, आरपीएम ६२० ते १,०५०. शॉर्ट अधिक १४, लाँग अधिक १२. रेस देऊन २,५०० वर धरलं: शॉर्ट अधिक १, लाँग अधिक ५.'

उभ्या गाडीत २६ टक्के, आणि रेस दिली की ६. हा फरक मी दोन दिवस घेऊन बसले होते. मग स्वयंपाकघरात उमगलं. कळशीभर पाण्यात एक पेला सरबत ओतलं तर चव बदलते, तोच पेला टाकीत ओतला तर पत्ताही लागत नाही. आयडलवर इंजिन फार थोडी हवा घेतं. माझ्या गाडीत सेकंदाला दोन-अडीच ग्रॅम दिसत होती. अशा वेळी कुठल्याशा भोकातून चोरून आलेली थोडी हवासुद्धा मोठी ठरते. २,५०० आरपीएमला हवाच इतकी येते की ती चोरी तिच्यात बुडून जाते. इंजेक्टर किंवा पेट्रोल पंप खराब असता तर रेस दिल्यावर, जास्त पेट्रोल लागतं तेव्हा, आकडा आणखी बिघडला असता. इथे उलट होत होतं.

एक अट मात्र लक्षात ठेवा. माझ्या गाडीत एअर फिल्टरच्या पुढे आत येणारी हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर आहे. त्याच्या पुढे कुठे गळती असेल तर ती हवा न मोजता आत जाते, म्हणून ट्रिम वाढतो. बऱ्याच छोट्या गाड्यांत त्याऐवजी मेनिफोल्डमधला, म्हणजे थ्रोटलनंतर हवा सिलिंडरांत वाटून देणाऱ्या नळकांड्यातला, दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. तिथे गळतीची हवासुद्धा दाबात धरली जाते, ट्रिम फारसा हलत नाही आणि नुसता स्लो चढतो. आपल्या गाडीत कोणता आहे हे आधी विचारून घ्या, नाहीतर माझे आकडे तुम्हाला भलतीकडे नेतील.

या काळात भेटेल तो म्हणत होता, ई२० पेट्रोलचा, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा, प्रताप. भाऊजी म्हणाले, पंपावरचा माणूस म्हणाला, शाळेतल्या शिपायानंही सांगितलं. मलाही ते पटायला सोपं होतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे ट्रिम थोडा वर सरकतो हे खरं आहे, आणि मायलेजही थोडं उतरतं. पण तो सगळ्याच आरपीएमला सरकायला हवा, फक्त सिग्नलवर नव्हे. शिवाय शेजाऱ्यांची याच मॉडेलची गाडी त्याच पंपावर भरते आणि तिचा काटा जागचा हलत नाही. मी ते कारण बाजूला ठेवलं. गाडीच्या विमा कंपनीलाही फोन करून पाहिला. झीज आणि यांत्रिक बिघाड पॉलिसीत बसत नाही, एवढंच उत्तर मिळालं.

मग पीयूसी. माझं प्रमाणपत्र १६ मेला संपत होतं. ते नसेल तर दंड १०,००० रुपयांपर्यंत जाऊ शकतो, म्हणून २८ एप्रिललाच गेले. गाडी नापास झाली. केंद्रावरचा मुलगा म्हणाला, "आधी स्लो सेट करून आणा." मला रडू यायचं बाकी होतं, तरी स्क्रीनचा फोटो काढला: सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.१२ टक्के, एचसी (न जळलेलं पेट्रोल) ३१० पीपीएम. बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलवर मर्यादा सीओ ०.३ आणि एचसी २०० ची आहे. हा फोटो पुढे फार उपयोगी पडला.

मिस्त्रीकाकांचा पत्ता शाळेच्या व्हॅनवाल्या काकांनी दिला. सक्करदऱ्याकडे, गल्लीच्या तोंडाशी, कडुनिंबाखाली; पाटी नाही. फोनवर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मला त्याआधी कोणीच विचारला नव्हता. "थंडी असताना करते का गरम असताना?" गरम असताना, म्हटलं. "मंग सकाळी नका येऊ. दुपारी चालवत आणा, बंद न करता."

२ मेला दुपारी साडेतीनला पोचले. तोंडाला दुपट्टा, गाडीत उकाडा, एसी लावला की गाडी मान टाकायची म्हणून तो बंद. मिस्त्रीकाका सत्तरीचे असतील. त्यांनी बोनेट उघडलं आणि काही हात न लावता उभे राहिले. मी वही पुढे केली. त्यांनी चष्मा लावून माझी पूर्ण दोन पानं वाचली, पीयूसीचा फोटो मोठा करून पाहिला. "सीओ कमी अन् एचसी जादा. म्हंजे पेट्रोल जादा नाई जाऊन रायलं, जेवढं जाते तेवढंच नीट जळून नाई रायलं. हवा खाऊन रायली गाडी कुठून तरी."

मग त्यांनी एका लांब चोचीच्या पकडीला चिंधी गुंडाळली. इंजिनाच्या मेनिफोल्डकडे जाणाऱ्या ज्या रबरी नळ्या असतात, त्या एकेक करून हलकेच दाबायच्या, आणि मी आत बसून काट्याकडे बघायचं. पहिली, पेट्रोलच्या टाकीतली वाफ आणणाऱ्या पर्ज व्हॉल्व्हची. "काई फरक?" नाही. दुसरी, ब्रेकच्या बूस्टरची. नाही. तिसरी मागच्या बाजूला, जवळजवळ फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, अंगाला, मला बाहेरून दिसतही नव्हती. त्यांनी वाकून, दंडापर्यंत हात आत घालून ती दाबली.

काटा थांबला. ७५० वर. मी श्वास रोखून पाहत होते, तो हललाच नाही. इंजिनाचा आवाज एकदम खाली बसला आणि झाडावरचा कावळा ऐकू आला. त्यांनी पकड सोडली, काटा परत झुलायला लागला. पुन्हा दाबली, पुन्हा ७५०. चौथ्यांदा त्यांनी माझ्यासाठी केलं, त्यांना गरज नव्हती.

ती पीसीव्हीची नळी. इंजिनाच्या पिस्टनच्या कडेनं थोडे वायू खाली तेलाच्या भागात उतरतात. ते बाहेर हवेत न सोडता एका व्हॉल्व्हमधून आणि या नळीतून परत मेनिफोल्डमध्ये ओढून जाळले जातात. नळी मेनिफोल्डच्या तोंडाशी दाबली की तिच्यातली गळती बंद होते, म्हणून काटा बसला. पण व्हॉल्व्ह अडकून उघडा राहिला असता तरी असंच दिसलं असतं. म्हणून त्यांनी आणखी एक केलं. इंजेक्शनच्या प्लॅस्टिक सिरिंजमध्ये साधं पाणी भरलं आणि नळीच्या बाकावर थेंब थेंब सोडलं. पाणी भेगेत ओढलं जायचं, क्षणभर भोक बुजायचं, स्लो बदलायचा. अनेक जण यासाठी कार्ब क्लीनरचा स्प्रे मारतात. तापलेल्या सायलेन्सरजवळ तो पेट घेऊ शकतो, म्हणून मिस्त्रीकाका तो वापरत नाहीत. मोठ्या गॅरेजमध्ये यालाच स्मोक टेस्ट असते: इंजिन बंद ठेवून आत धूर सोडायचा आणि कुठून बाहेर येतो ते पाहायचं.

इंजिन निवायला तासभर गेला. नळी काढून त्यांनी माझ्या हातात दिली. सरळ धरली तर साधी काळी नळी, बोटाएवढी जाड, बाकाच्या आतल्या बाजूला जरा तेलकट. मी उलटसुलट पाहिली, मला काहीच दिसेना. "वाकवा," ते म्हणाले. बाकाला जरा वाकवली आणि आतल्या अंगाला नखभर लांब चीर उघडली, आत तांबूस कोरडं रबर. सोडली की मिटली. थंड असताना ती बरीचशी मिटलेली असणार, शिवाय थंड इंजिनाला तसंही जास्त पेट्रोल मिळतं, म्हणून सकाळी सगळं ठीक वाटायचं. अकरा वर्षं बोनेटखालची उष्णता आणि तेलाची वाफ खाऊन रबर खापरासारखं झालं होतं. पीसीव्ही व्हॉल्व्ह त्यांनी कानाशी नेऊन हलवला, तो खुळखुळला. "वाजते म्हंजे चांगला हाये. राहू द्या."

मी विचारलं, टेप गुंडाळून चालेल का? नाही म्हणाले, आत तेल आहे, दोन दिवसांत गोंद सुटेल. सीए रोडवर एका दुकानात १२० रुपयांची नळी मिळत होती, पण सरळ. बाकावर ती दुमडली असती आणि ती तेलाला टिकणारी आहे की पाण्याची, हे दुकानदारालाच सांगता येईना. शेवटी ३ मेला कंपनीच्या पार्ट काउंटरवर ऑर्डर दिली. आरसीची प्रत न्या. ते चेसिस नंबरवरूनच भाग शोधतात, माझ्याकडे फोटोतला शेवटचा अंक पुसट होता तर परत यावं लागलं. ४८६ रुपये आगाऊ, सहा दिवस थांबा. जुनी नळी तात्पुरती परत बसवून गाडी घरी आणली आणि उभी केली. लीन मिश्रणावर लांब पल्ल्याला जाऊ नका असं काकांनी बजावलं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या मधल्या तारखेला आईला मेट्रोनं नेलं, उज्ज्वल नगरहून काँग्रेस नगर आणि पुढे रिक्षा. तिला लिफ्ट आवडली.

९ मेला नळी आली, १० मेला बसवली. जुन्या स्प्रिंग क्लिपा ढिल्या पडल्या होत्या, त्या ४० रुपयांत नव्या. दोन्ही दिवसांचे मिळून मिस्त्रीकाकांनी ५०० रुपये घेतले. मी जास्त देऊ केले, घेतले नाहीत. मग बॅटरीची निगेटिव्ह तार १५ मिनिटं काढून ठेवली, जुनी शिकवण पुसायला. तार लावल्यावर रेसला पाय न लावता गाडी रेडिएटरचा पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत तशीच चालू ठेवली, मग पाच मिनिटं एसी लावून. काही गाड्यांत हे स्कॅनरनंच करावं लागतं, तेव्हा आधी विचारा, आणि स्टिरिओला कोड असेल तर तो जवळ ठेवा.

१३ मेला लाँग टर्म अधिक ३, शॉर्ट शून्याच्या अवतीभवती. १४ मेला पीयूसी: एचसी ४१, पास, १२५ रुपये.

सगळा खर्च ५,०३१ रुपये झाला. त्यातले खऱ्या दुखण्याचे १,०२६. हिशेब वहीत आहे.

एक काम अजून बाकी आहे. एसी लावला की केबिनमध्ये हलकी थरथर जाणवते, पण काटा हलत नाही. काटा हलतो ते वेगळं आणि काटा स्थिर असून गाडी थरथरते ते वेगळं, हे आता मला कळतं. दुसऱ्यात बहुतेकदा इंजिनाखालच्या रबरी माउंटिंग बसलेल्या असतात. मिस्त्रीकाका म्हणाले, पावसाळा उतरल्यावर पाहू, घाई नाही. फाटकी नळी मी बाबांच्या वहीला रबर लावून ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवली आहे. वहीतली शेवटची नोंद:

'२४ मे. ८३,९१० किमी. दुपारी ३.१०, अजनी चौक, एसी चालू, आई सोबत. ७५०.'